फायाच्या डोंगराचा फेरा

खैरुद्दीन परकार खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. रश्श्यात मीठ जास्त पडलं तर पातेलं टेबलावर ठेवतानाच तो सांगून टाकायचा, "साहेब, आज हात सुटला. भाताबरोबर कालवून खा." शारजाच्या आत वाळवंटात तेल शोधणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प होता. त्या कॅम्पात साहेबापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी त्याच्या हातचं खाल्लं होतं आणि सगळे त्याच्या शब्दावर विसंबून होते. असल्या माणसाला आयुष्यात एकच खोटं बोलावंसं वाटलं आणि तेही पोराच्या भल्यासाठी.

खैरुद्दीन मूळचा बाणकोटचा. घर खाडीच्या तोंडाशी. बाप तांडेल होता, थोरला भाऊ कमरुद्दीनही तांडेल झाला आणि एका वादळात गलबतासकट गेला तो परत आला नाही. त्यानंतर आईने खैरुद्दीनला सुकाणूला हात लावू दिला नाही. तो गलबतावर गेला तो चुलीपाशी बसायला. पुढे एका खेपेला दुबईच्या खाडीत उतरला आणि तिथेच राहिला. बर दुबईच्या एका बोळात रत्नागिरी-कुलाब्याकडच्या माणसांची खानावळ होती. तिथे काही वर्षं त्याने भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली. वीज नव्हती, पाणी गाढवावरून यायचं, उन्हाळ्यात माणसं ओली चादर अंगावर घेऊन गच्चीवर निजायची. मग कॅम्पची नोकरी मिळाली आणि तो आत वाळवंटात गेला.

बायको कुलसुम गावीच. मुलगा एकच, मुश्ताक. पोरगा शिकला, मॅट्रिक झाला, मुंबईला मामाकडे राहून टायपिंग शिकला. त्याला इकडे आणायचं हा खैरुद्दीनचा एकच ध्यास होता. कॅम्पचा हेडक्लार्क हारुन पांगारकर दापोलीकडचा. खैरुद्दीनने त्याला विचारलं तेव्हा हारुनने चष्मा कपाळावर चढवला.

"जागा आहे," तो म्हणाला. "टायपिस्ट पाहिजेच आहे. पण एका कॅम्पात बाप-लेक चालत नाहीत, खैरुद्दीनभाई. कंपनीचा कायदा आहे. मुलगा म्हणून सांगितलंस तर पोरगा दारातूनच परत जाईल."

"मग?"

"मग काय? गावचा म्हणून सांग. तुमच्या बाणकोटला अर्धी घरं परकारांचीच आहेत. साहेबाला काय कळतंय!"

मुश्ताक आला तो पासष्ट सालच्या हिवाळ्याच्या तोंडाला. बोट खाडीबाहेर नांगरली, खैरुद्दीन त्याला घ्यायला गेला. सामान उतरवून दोघं खाडी पार करायला अब्रामध्ये बसले. होडीत आणखी चारदोन माणसं होती, पण आपली भाषा जाणणारं कुणी नव्हतं. खैरुद्दीनने मुलाला सगळं समजावून सांगितलं.

"कॅम्पात मी तुझा बाप नाही. गावचा चाचा. एवढं ध्यानात ठेव."

मुश्ताकचं तोंड उतरलं. "असं कसं, बा? मला नाही जमायचं."

"जमवायचं. नोकरी पक्की झाली, वर्ष-दोन वर्षं गेली, साहेबाचा विश्वास बसला की सांगून टाकू. म्हण बघू एकदा, चाचा."

"बा, नको ना."

"म्हण रे."

"चाचा," मुश्ताक म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. खैरुद्दीनही हसला. अब्रा पलीकडे लागेपर्यंत बाप-लेक हा खेळ खेळत होते. बाप हाक मारायचा, मुलगा चाचा म्हणायचा, मध्येच चुकून बा म्हणायचा आणि जीभ चावायचा. खैरुद्दीनला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

कॅम्प फाया नावाच्या डोंगराच्या पश्चिमेला, वाळूत उभा होता. फाया म्हणजे काही उंच सुळके नव्हेत. उत्तर-दक्षिण पसरलेली, पांढुरक्या चुनखडीची एक लांबट रांग. दुरून बघावं तर वाळूत मोठं जनावर पाय दुमडून बसल्यासारखं वाटे. मुश्ताकला क्लार्कांच्या तंबूत खाट मिळाली. खैरुद्दीन स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडमागे राहायचा. सुरुवातीला मुश्ताक सकाळी सगळ्यांच्या आधी उठून शेडच्या मागच्या दाराने यायचा, चुलीपाशी उकिडवा बसून चहा प्यायचा आणि हळूच म्हणायचा, "बा, आईने विचारलंय, पाठीचं कसं आहे?" मग ऑफिसचं काम वाढलं. इंग्रजी चांगलं म्हणून साहेबाने त्याला आपल्या तंबूत बसवलं. चहा तिकडेच जाऊ लागला. चहा नेऊन देणारा खैरुद्दीनच होता, त्यामुळे रोज भेट व्हायचीच. "थँक यू, चाचा," मुश्ताक म्हणायचा. शाबास, खैरुद्दीन मनात म्हणायचा, पोरगा चुकत नाही.

कॅम्पचे मोठे साहेब प्रिचर्ड. उंच, लाल मानेचे आणि चालायचं भलतं वेड. त्यांच्या मुलखात म्हणे दक्षिणेला अशाच पांढऱ्या मातीच्या गोल टेकड्या आहेत, फक्त त्यांच्यावर गवत असतं आणि मेंढ्या चरतात. लहानपणी ते वडिलांबरोबर तिथे सकाळी निघायचे, टेकड्यांवरून मोठा वळसा घालून संध्याकाळी पुन्हा त्याच दाराशी यायचे. इथे गवत नाही, मेंढ्या नाहीत, पण पांढरा दगड बघून साहेबांना घर आठवलं. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या शुक्रवारी ते फायाचा फेरा करायचे. कॅम्पापासून घळीने वर, डोंगराच्या पाठीवरून चालत उंच टोकापर्यंत, तिथे जेवण, मग पूर्वेकडे उतरून विहिरीशी आणि दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून वाळूतून परत. अवघड काही नव्हतं. धडधाकट माणूस दिवसात सहज करील असा रस्ता. कॅम्पात त्याला साहेबाचा फेरा म्हणत.

सहासष्ट सालच्या ईदनंतर मेमसाहेब महिनाभरासाठी आल्या होत्या. त्यांचे वडील पूर्वी हिंदुस्थानात रेल्वेत होते म्हणून त्यांना मोडकंतोडकं हिंदुस्थानी यायचं. त्या शुक्रवारी साहेबांनी मुश्ताकलाही सोबत बोलावलं. क्लार्कला फेऱ्याचं बोलावणं येणं म्हणजे मोठा मान. खैरुद्दीनला वेगळं बोलवायचा प्रश्नच नव्हता, तो असायचाच. जेवणाची टोपली कुणीतरी वाहायला हवी होती, आणि चहा करायलाही माणूस हवा होता. वाट दाखवायला त्या भागातला सईद नावाचा अरब होता, करड्या दाढीचा, मोजकं बोलणारा.

"यल्ला," सईद म्हणाला आणि सगळे निघाले.

पुढे सईद, मग साहेब आणि मुश्ताक, मग मेमसाहेब, सर्वांत मागे पाठीवर टोपली बांधलेला खैरुद्दीन. हवा गार होती. घळीतले दगड पायाखाली सरकत होते, पण चढ सोसेल असा होता. साहेबांनी मुश्ताकला आपली एक जुनी हॅट दिली होती. खैरुद्दीन मागून बघत होता. पोरगा साहेबाशेजारी, बरोबरीने, हात हलवून इंग्रजी बोलत चालला होता. मध्येच साहेब मोठ्याने हसले. काय बोलला असेल? खैरुद्दीनला वाटलं, हे कुलसुमने बघायला हवं होतं. पाठीला टोपलीचा काच बसत होता तरी त्याची छाती भरून आली.

डोंगराच्या पाठीवर पोचल्यावर वारा लागला. दोन्ही बाजूंना खाली वाळू, पश्चिमेला लालसर, पूर्वेला करड्या खड्यांचं मैदान आणि त्यापलीकडे काळे डोंगर. पायाखालचा दगड इतका पांढरा की डोळे बारीक करावे लागत. एका ठिकाणी खैरुद्दीन थबकला. दगडात शिंपा होत्या. बाणकोटच्या खाडीत खडकाला कालवं चिकटलेली असतात तशाच, एकाला एक लागून, पण सगळ्या दगडाच्या झालेल्या. समुद्र इथून किती लांब, आणि डोंगराच्या माथ्यावर कालवं! त्याने एक सुटी शिंप उचलली. मुश्ताकला दाखवावी म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, पण मुश्ताक बराच पुढे गेला होता आणि साहेब त्याला दुर्बीण देत होते. खैरुद्दीनने शिंप परत ठेवून दिली आणि पाय उचलले.

उंच टोकाशी जेवायला बसले. खैरुद्दीनने चादर अंथरली, सँडविच, उकडलेली अंडी, संत्री मांडली, तीन दगड लावून काटक्यांवर चहाचं आधण ठेवलं. मुश्ताक चादरीवर साहेब-मेमसाहेबांबरोबर बसला होता. मेमसाहेबांना पोरगा आवडलेला दिसत होता. त्यांनी त्याला घरचं विचारायला सुरुवात केली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. खैरुद्दीनला इंग्रजी बोलता येत नसलं तरी इतक्या वर्षांत कानावर पडून बरंच समजायचं.

"ऑफिसात तू सही एम. के. परकार अशी करतोस," मेमसाहेब म्हणाल्या. "एम म्हणजे मुश्ताक. मग के म्हणजे काय?"

खैरुद्दीन चहा गाळत होता. मुश्ताकने एकदा त्याच्याकडे बघितलं. अगदी एकदाच.

"कमरुद्दीन," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचं नाव."

"काय करतात ते?"

मुश्ताकने हॅट काढून मांडीवर ठेवली. "ही इज डेड, मॅडम," तो म्हणाला. "ॲट सी."

"ओह," मेमसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. साहेबांनी आपल्या हाताने एक संत्रं सोलून मुश्ताकच्या पुढ्यात ठेवलं.

खैरुद्दीनने कप भरले. चहा सांडला नाही. याचं त्याला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. त्याने स्वतःची समजूत घातली. पोराला एकदम विचारलं, काहीतरी सांगायला हवं होतं. के वरून चुलत्याचं नाव तोंडात आलं. चुलता खरोखर समुद्रात गेला होता, तेच पुढे आलं. यात पोराची काय चूक? आणि शिकवलं कुणी? आपणच ना? त्याने मेमसाहेबांना कप दिला तेव्हा त्या हळू आवाजात, हिंदुस्थानीत म्हणाल्या,

"खैरुद्दीन, ये लडका तुम्हारे गाँव का है. इसका बाप नहीं है. तुम इसको देखना."

"जी, मेमसाब," खैरुद्दीन म्हणाला. "देखेंगे. थोडी शक्कर और?"

उतारावर ते घडलं. पूर्वेकडची उतरण बारीक सुट्या खड्यांची. टोपली हलकी झाली होती पण खैरुद्दीनचं लक्ष पायांकडे नव्हतं. पाय सटकला आणि तो टोपलीसकट घसरत खाली गेला. एका कपारीला अडला म्हणून थांबला. तळहात सोलवटून निघाला, गुडघ्यापाशी विजार फाटून रक्त आलं. किटली घरंगळत खूप खाली गेली. सईद उड्या टाकत आला. साहेबही आले. दोघांनी त्याला काखेत धरून उभं केलं. साहेबांनी आपल्या रुमालाने त्याचा हात बांधला. मुश्ताक चार पावलांवर उभा होता, चेहरा पांढराफटक.

"लागलं का, चाचा?" त्याने विचारलं.

तो हे मराठीत म्हणाला होता. साहेबांना मराठी येत नव्हतं. सईदला येत नव्हतं. मेमसाहेबांना चार हिंदुस्थानी शब्द यायचे तेवढेच. त्या अख्ख्या डोंगरावर मराठी समजणारी माणसं दोनच होती. तिथे तो बा म्हणाला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता. तरीही त्याच्या तोंडून चाचाच आलं, आणि अडखळत नाही, सहज आलं.

"नाही," खैरुद्दीन म्हणाला. "तू चल पुढे."

आणि मुश्ताक पुढे गेला.

विहिरीपाशी सगळे पाणी प्याले. सईदने खैरुद्दीनकडून टोपली काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. दक्षिणेचं टोक वळून ते पश्चिमेच्या वाळूत आले. साहेब, मेमसाहेब आणि मुश्ताक पुढे निघून गेले. आता वाट समोर दिसत होती, वाटाड्याची गरज नव्हती, म्हणून सईद लंगडणाऱ्या खैरुद्दीनबरोबर मागे राहिला. ऊन कलतं झालं होतं. बराच वेळ सईद पुढच्या तिघांकडे बघत चालला होता. मग हनुवटीने मुश्ताककडे खूण करून म्हणाला,

"हादा वलदक?"

हा तुझा मुलगा? इतकी अरबी खैरुद्दीनला येत होती. तो दचकला.

"ला," तो म्हणाला. "नाही. गावचा आहे."

सईद म्हणाला, चढाला लागला की तो डावा खांदा पुढे टाकतो. तूही टाकतोस. आम्ही उंटांची पिल्लं अशीच ओळखतो.

"ला," खैरुद्दीन पुन्हा म्हणाला. "गावचा."

सईदने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "खलास," तो म्हणाला आणि टोपली सावरून चालू लागला. कॅम्पशी आल्यावर त्याने टोपली शेडच्या दाराशी ठेवली आणि निघून गेला.

खैरुद्दीनने जखम धुतली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागला. तो वाट बघत होता. निदान आज तरी मुश्ताक मागच्या दाराने येईल, उकिडवा बसेल, म्हणेल, बा, तोंडातून गेलं, माफ कर. मुश्ताक आला नाही. मुश्ताक साहेबांच्या टेबलावर जेवला.

वर्ष गेलं. मग कॅम्पात एका बलुची ड्रायव्हरचे दोन मुलगे कामाला लागले. एक मेकॅनिकच्या हाताखाली, दुसरा बापाच्याच गाडीवर. प्रिचर्ड साहेबांनी त्या ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली, बाप चांगला आहे म्हणजे पोरं चांगलीच निघणार, असं सगळ्यांदेखत म्हणाले. खैरुद्दीन हातातला झारा तसाच घेऊन हारुनकडे गेला.

"हारुनभाई, कायदा बदलला का?"

"कसला कायदा?"

"बाप-लेक एका कॅम्पात चालत नाहीत, तो."

हारुनने चष्मा पुसला. "असा लिहिलेला कायदा नव्हता. पूर्वी एक साहेब होते, त्यांना आवडत नसे, म्हणून मी आपलं बोललो. तू इतकं धरून बसशील असं मला काय ठाऊक!"

खैरुद्दीनला राग यायला हवा होता. पण आधी आनंदच झाला. तो तडक मुश्ताककडे गेला. मुश्ताक टाइपरायटरला रिबन लावत होता, तंबूत दुसरं कुणी नव्हतं.

"मुश्ताक, कायदाबियदा काही नाही रे! आता सांगून टाकू साहेबांना."

मुश्ताकने मान वर केली नाही. "काय सांगायचं?"

"हेच की मी तुझा बाप."

"आणि त्या दिवशी डोंगरावर सांगितलं त्याचं काय?"

"म्हणावं चूक झाली. घाबरलो होतो म्हणून बोललो. मी बोलेन हवं तर. सगळा दोष माझ्यावर घेतो."

"बाप मेला म्हणून सांगायची चूक कुणी करतं का?" मुश्ताक आता त्याच्याकडे बघून बोलत होता. आवाज बारीक झाला होता. "मेमसाहेब विलायतेहून पत्र लिहून माझी ख्याली-खुशाली विचारतात. साहेबांनी माझी शिफारस अबू धाबीला केली आहे. आता तोंड उघडलं तर सगळं जाईल. थोडे दिवस थांबा. मी सांगेन. योग्य वेळी सांगेन."

तो अहो-जाहो करून बोलत होता. हे कधी सुरू झालं ते खैरुद्दीनला आठवेना. तंबूच्या दाराशी पावलं वाजली तसा मुश्ताक म्हणाला, "बरं, चाचा, चहा पाठवून द्या," आणि रिबन लावू लागला.

थोड्याच दिवसांत कंपनीने फायाचा कॅम्प उठवला. तिथे तेल लागलं नाही. साहेब अबू धाबीला गेले, मुश्ताकला बरोबर नेलं. आचारी तिथे दुसरा होता. खैरुद्दीन पुन्हा बर दुबईच्या खानावळीत आला. पण गुडघा त्या पडण्यानंतर कधी धड झाला नाही, चुलीसमोर उभं राहवेना. अडुसष्ट साली तो बाणकोटला परतला तो कायमचा.

कुलसुमने पहिल्याच दिवशी विचारलं, "पोरगा कसा आहे? तुमच्याबरोबर जेवायचा का?"

"रोज," खैरुद्दीन म्हणाला.

गावात तिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बाप-लेक एका कंपनीत होते, साहेबाचा दोघांवर जीव होता. खैरुद्दीन मशिदीतून घरी येईपर्यंत लोक त्याला थांबवून मुश्ताकचं विचारत. तो सांगे, बरं आहे, चांगलं चाललं आहे. हे मात्र खोटं नव्हतं.

त्याच वर्षाच्या शेवटी मुश्ताक रजेवर आला, अंगाने भरलेला, कपड्यांना अत्तर. अबू धाबीला त्याला राहायला घर मिळालं होतं. तो म्हणाला, आईला काही महिने घेऊन जातो, तिकडे रत्नागिरीची दोनचार कुटुंबं आहेत, मुलगीही बघून होईल. कुलसुम हरखली. "आणि तुम्ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

खैरुद्दीनने मुलाकडे बघितलं. मुश्ताक बॅगेचा पट्टा आवळत होता.

"माझा गुडघा," खैरुद्दीन म्हणाला. "बोटीवर चढउतार मला जमायची नाही. तू जाऊन ये."

कुलसुम सहा महिन्यांसाठी गेली आणि दीड महिन्यात परत आली. एकटी नव्हे, मुंबईपर्यंत ओळखीच्या माणसांबरोबर, तिथून भावाने आणून सोडलं. आल्यावर तिने पाय धुतले, नमाज पढली आणि येऊन खैरुद्दीनसमोर बसली.

"मुश्ताकचे बा," ती म्हणाली, "तुम्ही कधी वारलात?"



तिने सगळं सांगितलं. शेजारी हलिमा नावाची रत्नागिरीकडची बाई होती, नवरा त्याच ऑफिसात अकाउंटंट. ती कुलसुमचं फार करायची. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, खाला, राग मानू नका, पण तुम्ही हिरव्या बांगड्या भरता हे बघून इथल्या बायका बोलतात. मालक समुद्रात गेल्याला इतकी वर्षं झाली, आता हौस बरी दिसत नाही. कुलसुमला आधी वाटलं, बाई कमरुद्दीन दिराबद्दल बोलते आहे. मग हलिमा म्हणाली, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, मुश्ताक बिनबापाचा म्हणून साहेबांनी त्याला लेकासारखं वर काढलं.

"मी त्याला विचारलं," कुलसुम म्हणाली. "म्हणाला, आई, तू बांगड्या काढून ठेवल्यास तर बरं. इथे असेपर्यंत फक्त. मी त्याच दिवशी सामान बांधलं."

मग खैरुद्दीनने तिला फायाच्या डोंगराचं सांगितलं. काही लपवलं नाही. चहा गाळत होतो तेही सांगितलं, पडलो तेही, सईदला काय म्हणालो तेही. कुलसुम ऐकत होती. त्याला वाटलं, ती रडेल.

"आणि तुम्ही चहा दिलात," ती म्हणाली. "साखर विचारलीत."

"मग काय करणार होतो?"

"किटली फेकून मारायची होती. त्याला नाही तर त्या दगडाला. म्हणायचं होतं, मी इथे उभा आहे." ती उठली. "जिवंत माणसाने एवढं तरी करायला हवं होतं."

त्या दिवसापासून तिने त्याच्याशी भांडण असं काढलं नाही, पण बोलणं कामापुरतं उरलं. खैरुद्दीनला ते मुश्ताकच्या वागण्यापेक्षा जास्त लागलं. आपण पोरासाठी सोसलं, असं तो इतकी वर्षं मनाशी म्हणत आला होता. कुलसुमच्या लेखी ते सोसणं नव्हतं, भित्रेपणा होता.

एकोणसत्तरच्या रमजान ईदेला मुश्ताक आला. कुणी बोलावलं नव्हतं. नवे कपडे, आईला शाल, बापाला घड्याळ. ईदची नमाज बापाशेजारी उभं राहून पढला, लोकांना गळामिठ्या मारल्या. घरी आल्यावर कुलसुमने त्याला ओटीवर बसवलं आणि सरळ विचारलं.

"तिकडे साहेबाला सांगणार आहेस का नाही?"

"आई, आज ईदेचा दिवस."

"म्हणूनच विचारते."

"आता मी मोठ्या हुद्द्यावर आहे. साहेब काय म्हणतील? इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडावर..." मुश्ताक थांबला. मग एकदम बापाकडे वळला. "आणि हे मला शिकवलं कुणी? मी नको म्हणत होतो. अब्रामध्ये बसून माझ्याकडून घोकून घेतलं."

खैरुद्दीन म्हणाला, "खरं आहे. मीच शिकवलं."

बाहेर पोरं ईदी मागत दारोदार फिरत होती.

कुलसुम आत गेली आणि जेवण वाढायला लागली. परकारांच्या घरी ईदेला एकाच मोठ्या ताटात भात वाढायचा आणि घरच्या सगळ्यांनी भोवती बसून जेवायचं, ही रीत. तिने ताट मधोमध ठेवलं, खैरुद्दीनला बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर बसली. मुश्ताक हात धुऊन आला तेव्हा त्याला भिंतीशी, वेगळ्या चटईवर, वेगळं ताट मांडलेलं दिसलं. वर झाकण, बाजूला पाण्याचा पेला. पाहुण्याला मांडतात तसं.

मुश्ताक काही वेळ उभा राहिला. खैरुद्दीनला वाटलं, आपण सरकून जागा करावी. तो सरकलाही थोडा. पण कुलसुमने मान वर केली आणि तो तिथेच थांबला. मग मुश्ताक चटईवर जाऊन बसला, झाकण काढलं आणि खाली मान घालून जेवू लागला. तिसऱ्या दिवशी तो लाँचने मुंबईला गेला. जाताना कुलसुम त्याला म्हणाली, "सांभाळून जा," आणि दार लोटून घेतलं.